इंजिनावरच्या अक्षता

आमच्या नवनगरच्या घराला गाडी ठेवायला पत्र्याची शेड आहे आणि त्या शेडमध्ये गाडी सोडून बाकी सगळं असायचं. मुलाची जुनी सायकल, नारळाच्या शेंड्या, माझं बिघडलेलं शिलाई मशीन. गाडी होती, पण ती हुबळीत कोप्पीकर रोडच्या मागे आमच्या कापडदुकानाच्या गोदामात, ताडपत्रीखाली. विलायती, दोन दारांची, दोनच माणसांची, टप उघडता येणारी. दांडेलीच्या एका लाकूड व्यापाऱ्याकडून ह्यांनी ती लग्नाआधी घेतली होती आणि मला बघायला धारवाडला आले ते त्याच गाडीतून. माझ्या वडिलांनी मुलगा बघायच्या आधी गाडी बघितली आणि स्वयंपाकघरात येऊन आईला म्हणाले, "ह्याचं काही संसारात लक्ष दिसत नाही." संसार झाला. गाडीच मागे राहिली. मुलं लहान असताना तिचं इंजिन जाम झालं आणि मग दुकान, शाळा, आजारपणं ह्यांत ती जी गोदामात गेली ती गेलीच. दुकान मुलाच्या हाती दिलं की इंजिन स्वतःच्या हातानं बांधीन, असं हे दर दसऱ्याला म्हणायचे आणि आम्ही हसायचो.

दुकान दिलं, आणि त्याच वर्षी ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला.

धारवाडच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या, चालायला सांगितलं आणि आम्ही उठता उठता सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, बारीक कामं काही राहिली असतील तर आत्ताच करून घ्या, पुढे इतकं जमेलच असं नाही. परतीच्या बसमध्ये हे खिडकीतून बाहेर बघत बसले. नवनगरच्या स्टॉपवर उतरताना एवढंच म्हणाले, "गाडी घरी आणूया."

तेव्हापासून शेड म्हणजे आमच्या घरातली सगळ्यांत स्वच्छ खोली झाली. इंजिन उचलून स्टँडवर ठेवलं. सिलिंडर लेथवर नवे करून आणले, तेवढंच काय ते बाहेरचं काम. बाकी एकेक भाग ह्यांनी रॉकेलमध्ये धुतला, पुसला, माझ्या जुन्या सुती साड्यांच्या तुकड्यांवर ओळीनं मांडला. मुलगा म्हणाला, अप्पा, मेकॅनिक बोलावू, आठवड्यात होईल. हे म्हणाले, मग आठवड्यानंतर मी काय करू?

मी जन्मभर ब्लाउज शिवले. दुकानातून कापड घेतलेल्या बायका शिवायला माझ्याकडे यायच्या. त्यामुळे हातानं काम करणाऱ्या माणसाची चिडचिड मला कळते. पण ह्यांचं बघवत नसे. पिस्टनची पिन जागेवर ठेवायला एक छोटी तारेची कडी असते, ती खाचेत बसवायला ह्यांना अख्खी दुपार लागायची. डाव्या हातानं उजवं मनगट धरायचं, श्वास रोखायचा, कडी निसटून उडायची, मग शेडभर शोधायची. मी चहा घेऊन जायची ती दारातच थांबायची. कडी बसली की हे मान वर करून माझ्याकडे बघायचे आणि मग त्या माणसाला काही झालंय असं वाटायचं नाही.

स्वच्छतेचा मात्र अतिरेक. "ह्यात केस जरी पडला तरी इंजिन खाईल," असं मला, मोलकरणीला, मांजरालासुद्धा ऐकवायचे. रोज काम थांबवलं की इंजिनावर धुतलेलं धोतर चहूबाजूंनी घट्ट गुंडाळायचं.

असं सगळं चाललेलं असताना खंडेनवमी आली. आमच्या माणसांत आणि इथल्या कन्नड माणसांतही हा दिवस चुकत नाही. दुकानात तराजू, कातऱ्या, मीटरपट्टी मांडतात, घरी विळी, सुरी, शिलाई मशीन, गाड्या. हे आणि मुलगा दुकानातल्या पूजेला हुबळीला गेले. निघताना हे म्हणाले, "इंजिनालाही कर. पण धोतर काढू नको. वरूनच कर."

मी हो म्हटलं. खरं तर तेव्हाच मनात आलं होतं, म्हणजे पूजा धोतराची करायची काय? विळीला कुंकू विळीवर लावतात, पिशवीवर नाही. तरी मी वरून केली असती. पण मशीनला हळदकुंकू लावलं, पाने-हातोडे पाटावर मांडले आणि मग त्या गुंडाळलेल्या गाठोड्यासमोर उभी राहिल्यावर मला ते पटेना. ह्या माणसानं ह्या इंजिनात जीव ओतलाय आणि मी बाहेरून कुंकू लावून मोकळी होणार? मी धोतर सोडलं. वरचं झाकण, ते हेड म्हणतात ते, अजून बसवलेलं नव्हतं. चार पिस्टन चकचकीत, कडेला लहानमोठी भोकं. मी काठावर जपून कुंकू लावलं, एक झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडून अक्षता वाहिल्या. जपून वाहिल्या असं नाही म्हणता येणार. अक्षता वाहताना हात आपोआप उघडतो.

दाणे भोकांकडे ओघळलेले मला दिसले. पण पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, मांडलेलं हलवायचं नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. मी तसंच वरून धोतर अलगद टाकलं. दसऱ्याला सकाळी, हे अंघोळीला गेल्यावर, फूल काढलं, दिसले तेवढे दाणे चिमटीनं वेचले, कुंकू पुसलं आणि धोतर पहिल्यासारखं घट्ट बांधलं. चिमूटभर अक्षता किती असतात ते कुणी मोजतं? वेचलेले सगळे होते की नव्हते, मला सांगता येईना. हे टॉवेलनं केस पुसत आले, धोतराच्या गाठी बघितल्या आणि म्हणाले, "छान. धोतर काढलं नाहीस."

तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण ते खूश होते.

त्यानंतर ह्यांनी हेड बसवलं. बोल्ट आवळायचा एक लांब पाना असतो, पुरेसं आवळलं की तो टक्क वाजतो. प्रत्येक टक्क स्वयंपाकघरात ऐकू यायचा आणि मला वाटायचं, आता बंद झालं, आता आतलं आत राहिलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी जेवायला वाढताना ह्यांच्या हाताकडे बघायची. आमटीची वाटी ते आता दोन्ही हातांनी धरत होते. इंजिन बिघडलं तर पुन्हा बांधायला हे हात उरणार नाहीत, हे मला दिसत होतं, आणि तरी माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता. रागही यायचा, स्वतःचा कमी आणि ह्यांचा जास्त. कशाला एवढा विश्वास ठेवायचा माणसावर?

पाडव्याला इंजिन सुरू करायचं ठरलं. गाडीत बसवून झालं होतं. मुलगा-सून येणार होते, शेजारच्या अण्णांना सांगून झालं होतं. आदल्या दिवशी सकाळी मी तांदूळ निवडायला बसले आणि मला ते निवडता येईनात. हे समोर चहा पीत होते. ताट बाजूला सारून मी सगळं सांगितलं. धोतर काढल्यापासून ते दसऱ्याच्या सकाळपर्यंत.

ह्यांनी कप तोंडापासून खाली घेतला. मग विचारलं, "किती दाणे?"

"माहीत नाही. चिमूटभर वाहिल्या. बऱ्याचशा वेचल्या."

"बहुतेक काही होणार नाही," हे म्हणाले. "खाली जाळी असते. अडकतील." मग कप ठेवला. तो बशीत वाजत राहिला. "पण बहुतेकवर मी इंजिन सुरू करणार नाही."

उठले आणि बॅटरीची वायर काढून आले. अण्णांना निरोप गेला की मुहूर्त पुढे ढकललाय.

इंजिन पुन्हा उतरवून स्टँडवर घेतलं. उघडायला फारसे दिवस लागले नाहीत, सोडायला थरथरता हातही चालतो. हेड काढलं, खालचं तेलाचं चेंबर काढलं, पिस्टन बाहेर घेतले, त्यांच्या रिंगा-पिनाही सुट्या केल्या. मी टॉर्च धरून प्रत्येक भोकात डोकावत होते. ह्यांनी तेलाच्या वाटांतून हवा मारली, खाली पांढरं कापड धरायला मला सांगितलं. कापडावर तेल आलं. तेलाशिवाय काही आलं नाही. जाळी मी स्वतः उन्हात धरून बघितली. एक दाणा नाही, दाण्याचं टोकसुद्धा नाही. मी सगळे वेचले होते.

एक दाणा सापडला असता तर मी सुटले असते. मी मनातल्या मनात देवाला तेच मागत होते, आणि तेही मला वाईट वाटण्यासारखंच होतं.

"ठीक आहे," हे म्हणाले. "परत बांधू."

दुसऱ्या दिवसापासून ते बसले. पण शरदात जमलं ते चैत्रात जमेना. पिस्टनच्या रिंगा बिडाच्या असतात, जरा जास्त ताणल्या की मोडतात. पहिली रिंग ह्यांनी खाचेपर्यंत नेली, हात हलला आणि तिचे दोन तुकडे झाले. दुसरी घेतली. तीही मोडली. ह्यांनी तुकडे उचलून साडीच्या चौकोनावर जोडून ठेवले, जणू ते चिकटणार होते. मग खुर्चीत मागे टेकले आणि पिस्टन माझ्याकडे सरकवला. "तू लाव."

"मला काय येतंय त्यातलं?"

"तुझा हात स्थिर आहे. मी सांगतो."

मी त्या रात्री जेवले नाही. सांगितलं नसतं तर इंजिन ह्यांच्या हातचं राहिलं असतं. खरं बोलले म्हणून ते गेलं. गप्प राहिले तीही चूक आणि बोलले तीही, मग मी करायचं तरी काय होतं? धोतर सोडायचं नव्हतं, एवढंच. वरून कर म्हणाले होते.

ह्यांना माझं दिसत असणार. दोन-तीन दिवसांनी सकाळी मी केर काढत होते, तर हे शेडमधून आत आले आणि तळहात पुढे केला. हातावर तांदळाचा एक दाणा होता. "हा बघ. तेलाच्या पंपाच्या तोंडाशी होता. बरं झालं सांगितलंस, नाहीतर वाटच लागली असती."

दाणा पांढरा होता. कोरडा होता. आमच्या अक्षता कुंकवात भिजवलेल्या, लालभडक, आणि पंपाच्या तोंडाशी तेल असतं हे आता मलाही कळत होतं. तांदळाच्या डब्याचं झाकण फार घट्ट आहे, मलाच कधी कधी उघडत नाही. त्या हातांनी ते कसं उघडलं असेल, हे मी उभ्या उभ्या मनात बघितलं. तळहात हलत होता, दाणा खाली पडू नये म्हणून हे बोटं मिटायला बघत होते.

"म्हणजे होता तर," मी म्हटलं.

"होय की."

मी तो दाणा घेतला आणि देवघरात ठेवला. अजून काय करणार?

मग आम्ही बांधलं. हे वेताच्या खुर्चीत बसायचे आणि मी स्टुलावर. काज करताना सुई जशी न बघता चालते तशी रिंग सरकवायची, हे मला लवकर जमलं, आणि जमलं ह्याचा आनंद झाला की लगेच ह्यांच्याकडे बघवायचं नाही. ती तारेची कडी माझ्या हातून पहिल्याच खेपेला बसली. ह्यांना अख्खी दुपार लागायची. मी मुद्दाम एकदा ती पाडली. हे म्हणाले, "नाटकं करू नको." त्यानंतर मी नाटकं केली नाहीत.

आषाढात इंजिन पुन्हा गाडीत बसलं. ह्या वेळी मुहूर्त बघितला नाही, कुणाला बोलावलं नाही. तरी अण्णा कंपाउंडवरून डोकावलेच. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही बसा, तुम्हीच सुरू करा. हे पुढे बॉनेटशी जाऊन उभे राहिले. "मला इथून ऐकायचंय. तू स्टार्टर मार."

मी त्या बुटक्या सीटवर बसले. स्टिअरिंगच्या बाजूला लग्नाआधी एकदाच बसले होते. चावी फिरवली. ते खोकलं, थांबलं. हे म्हणाले, परत. परत फिरवली आणि ते लागलं. आधी अडखळत, मग एकसारखं, पत्रे हादरायला लागले. ह्यांनी डोळे मिटले.

"चालू आतेन्री?" अण्णांनी विचारलं. डोळ्यांनी दिसत असताना सुरू झालं का म्हणून विचारण्याची त्यांची सवयच आहे. मग ह्यांना म्हणाले, शेवटी बांधलंतच की हो.

"मी कुठलं," हे म्हणाले. "हिनं बांधलं. मी नुसता बसून होतो." आणि हसले. अगदी अभिमानानं हसले, त्यात कुठेही टोचणारं काही नव्हतं. टोचणारं असतं तर मला सोपं गेलं असतं.

ह्यांचा उजवा हात मडगार्डवर होता. मडगार्ड थरथरत होतं, बॉनेट थरथरत होतं, त्यात तो हात कुठे वेगळा दिसतच नव्हता. लग्नाआधी स्टिअरिंगवर होता तसाच वाटत होता.

"बंद कर आता," हे म्हणाले. "उगाच पेट्रोल जातंय."

मी चावीला हात लावला नाही.