मावशीचा हात, नवरीचा गाल आणि माझा मॅन्युअल मोड

घरच्यांना दिसणार नाही अशी सोय करून ही पोस्ट लिहितेय. कॅमेरा शिकणाऱ्यांनो, मला वाचवा.

आज दोंडाईचाला मामेबहिणीची हळद होती. "ऑटोवर कधी काढू नका," हे व्हिडिओतल्या सरांचं वाक्य डोक्यात बसलेलं, म्हणून मी मॅन्युअलवर. बाहेर उन्हात पाहुण्यांचे फोटो झकास आले. मांडवात शिरले आणि फोटो काळाकुट्ट.

आमच्याकडे फोटो निघेपर्यंत नवरीच्या गालावरचा हात कोणी काढत नाही. मावशी दोन्ही हात गालांवर ठेवून माझ्याकडे बघत बसली. मी शटर स्पीड कमी केला, तर सगळं हललेलं. आयएसओ वाढवला, तर नवरी पांढरीफटक.

"निंघना का फोटो?" मावशी.

"एकच मिनिट!"

पळावं तर मागे हळद लावणाऱ्या बायकांची रांग.

नवरी ओठ न हलवता पुटपुटली, "ताई, हळद डोळ्यात चाललीय. मर तू."

शेवटी गपचूप ऑटोवर गेले. फोटो सुंदर आला. फक्त नवरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मावशीने स्क्रीन पाहिली आणि गळाच काढला. "देखा व, माहेर सुटी ऱ्हायनं म्हणीसन पोर कशी रडी ऱ्हायनी!" मग अख्खा मांडव रडला.

आता तो फोटो सगळ्या नातेवाइकांच्या स्टेटसवर आहे. नवरदेवाने तर खाली लिहिलंय, "यापुढे कधीच रडू देणार नाही." नवरीने मला बजावलंय, तोंड उघडायचं नाही.

आणि मावशीचा हुकूम आहे: उद्या लग्नातही फोटो मीच काढायचे, अगदी असेच.

सांगा, कोणत्या मोडवर काढू?