दत्त्याच्या घरचं लोडशेडिंग

दत्त्या गेल्याची बातमी आली तेव्हा मी सिंगापुरात वुडलँड्सच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, एका ओळखीच्या तमिळ गृहस्थांशी भांडत होतो. विषय होता फिल्टर कॉफी श्रेष्ठ की उकळलेला चहा, आणि आवाज असा लागला होता की खाडीपलीकडे जोहोरमध्ये लोकांनी खिडक्या लावून घेतल्या असाव्यात. तेवढ्यात फोन थरथरला. दत्त्याच्या मुलीचा, ईशाचा निरोप. ही मुलगी आपण मराठीत काहीही विचारलं तरी ‘कॅन, काका’ किंवा ‘कॅनॉट लाह’ या सिंगापुरी इंग्रजीपलीकडे जात नाही. तिनं देवनागरीत लिहिलं होतं, ‘काका, बाबा गेले.’ एवढंच... मी फोन खिशात टाकला आणि समोरच्यांना म्हणालो, ‘तुमचंच बरोबर आहे.’ हे वाक्य मी त्याआधी कधी उच्चारल्याचं माझ्या बायकोलासुद्धा आठवत नाही.

त्यानंतर काही आठवडे गेले आणि दत्त्याच्या बायकोचा, माधुरीवहिनींचा फोन आला. रडण्याचे फोन होऊन गेले होते, कागदपत्रांचे होऊन गेले होते. हा वेगळा होता. ‘भाऊजी, विजेचा करार संपतोय,’ त्या म्हणाल्या. ‘नवा करू का नको? हे बघायचे सगळं. मला कळेना झालंय.’ विजेच्या करारात न कळण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. पण बार्शीहून दत्त्याचे थोरले भाऊ अप्पा एक दिवसाआड फोन करत होते. माणूस सज्जन, धाकट्यावर जीव. म्हणत होते, आता तिथं कोण आहे तुमचं, फ्लॅट विका, पोरीला घेऊन घरी या. वहिनी हो म्हणत नव्हत्या, नाही म्हणत नव्हत्या. आणि करार होता दोन वर्षांचा. मुदतीआधी मोडला तर भरपाई द्यावी लागते. म्हणजे कराराला हो म्हणणं हे अप्पांना नाही म्हणणं होतं. बाई सिंगापुरात राहणार की बार्शीला जाणार, हे त्या सहीवर येऊन अडलं होतं... आणि सल्ला विचारत होत्या मला, ज्यानं आयुष्यात विजेचं बिल फक्त पंखा म्हणून वापरलं.

दत्त्या आणि मी पुण्याहून एकाच कंपनीत, एकाच विमानानं आलो. तो बार्शीचा, मी नगरचा. दोघांनी मिळून यिशुनला एक खोली-स्वयंपाकघर भाड्यानं घेतलं. तिथं पहिलं बिल आलं ते मी मोठ्या ऐटीत उघडलं, त्यातले सगळे युनिट बेरजेला घेतले आणि जाहीर केलं की आपण झोपेत साखर कारखाना चालवतोय. दत्त्यानं चष्मा पुसला, बिल हातातून काढून घेतलं.

‘अरे बैला, यातला अर्धा गॅस आहे.’

‘गॅस किलोत मोजतात. मला शिकवू नकोस.’

‘तो सिलिंडरचा. इथं पाइपानं येतो, आणि तोही विजेसारखाच किलोवॅट-अवरमध्ये मोजतात. आता पाइप हलवून बघणार आहेस का, किती उरलाय?’

खोटं कशाला बोलू, मी हलवून बघितला होता. आपल्याकडं आयांनी सिलिंडर हलवून, ओल्या फडक्यानं पुसून आत किती आहे ते सांगितलेलं. ती विद्या एका पाइपानं धुळीला मिळाली. पण त्या दिवसापासून दत्त्या बिलं वाचू लागला आणि मग दुसऱ्यांचीही वाचू लागला. पुढं लग्नं झाली, आम्ही वुडलँड्सला गेलो, त्यानं बुकित पंजांगला स्वतःचा फ्लॅट घेतला, आणि रविवारी त्याच्या दारात चपलांचा असा ढीग लागायचा की खालच्या मजल्यावरच्यांना वाटायचं वर बुवा उतरलेत. लोक पत्रिका दाखवावी तशी बिलं घेऊन यायचे. दत्त्या बिल उताणं ठेवायचा आणि सगळ्यात आधी शेवटचा आकडा तळहातानं झाकायचा. ‘शेवटचं पान आधी वाचू नका,’ म्हणायचा. ‘मधे काय घडलंय ते बघा.’ माझ्या बिलावर तर शेजारपाजारच्या घरांशी तुलना करणारा खांब असायचा. माझा खांब इतका उंच की बाकीच्या खांबांकडं तो वरून बघायचा. मला त्याचा अभिमान होता. दत्त्या म्हणाला, ‘हा तुझ्या स्वभावाचा आलेख आहे.’

मग इथला विजेचा बाजार खुला झाला. कुणाकडूनही वीज घ्या, म्हणाले. आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, जिथं एरवी लग्नं आणि मयतं होतात, तिथं टेबलं लागली. एका पोरानं मला तांदळाची पिशवी आणि छत्री दाखवली. मी सही करायला पेन उघडलंच होतं, छत्री चांगल्या दांड्याची होती, तेवढ्यात आलेल्या फोनवर छत्रीचं ऐकून दत्त्या गरजला, ‘पेन बंद कर. आधी वर्षभराची बिलं घेऊन ये.’ गेलो. त्यानं आधी माझे दोन महिने बाजूला काढले. जूनमध्ये आम्ही नगरला होतो, घर बंद, तो महिना खोटा. डिसेंबरात सासरची मंडळी एसी लावून राहिली, तोही खोटा. ‘पाहुण्यांच्या महिन्यावर संसार बेतू नये,’ तो म्हणाला. राहिलेल्यांची सरासरी काढली. मग सांगितलं की बदलते ती फक्त वीज. पाणी, गॅस, कचरा जुन्याकडंच राहणार, त्यामुळे ‘अर्ध्यावर येईल’ म्हणणारा पोरगा बिलाच्या एकाच तुकड्याबद्दल बोलतोय. दर सांगतात तो कर धरून की सोडून ते विचार. सवलतीचा दर घेतलास तर मूळ दर दर तिमाहीला हलतो, त्याबरोबर तूही हलणार. बांधलेला दर घेतलास तर करार संपेपर्यंत हलायचं नाही, पण सोडायचंही नाही.

‘यातलं स्वस्त कुठलं?’ मी विचारलं.

‘ते ज्योतिषी सांगेल. झोप कशात लागेल ते मी सांगतो. बांधलेला घे.’

आता असा हा माणूस, तळटीपा पाठ असणारा. त्यानं स्वतःची वीज बदलली तेव्हा कंपनीचं पत्र आलं की पुरवठ्यात कोणताही खंड पडणार नाही. तीच तार, तोच मीटर, फक्त बिल पाठवणारा वेगळा. दत्त्यानं ते पत्र वाचलं आणि खदखदून हसला. ‘अखंडित पुरवठा,’ म्हणाला. ‘बार्शीत डीपीवर हेच रंगवलं होतं. त्या डीपीवर कावळ्यांनी घरटं केलं, इतकी ती थंड असायची.’ वीज देणारा बदलतोय आणि लाईट जाणार नाही, हे लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या माणसाच्या रक्ताला पटेना. त्यानं आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं, कारण फ्रीज रिकामा करायचा होता. बादल्या भरल्या. मेणबत्त्या मांडल्या. वहिनींनी गॅसवर पिठलं, दोन कोंबड्या आणि फ्रीजरमधल्या झाडून सगळ्या पुरणपोळ्या असा स्वयंपाक केला की एक बटालियन जेवली असती. आम्ही आठ माणसांनी तो संपवला आणि वर आइस्क्रीमलाही वितळायच्या आत न्याय मिळवून दिला. मग बसलो वाट बघत. लाईट जाईना. बाहेर अंधार पडला होता, सगळ्या इमारतींत दिवे लागले होते आणि आमचा पंखा निर्लज्जासारखा फिरत होता. दत्त्याचा चेहरा वरात न आलेल्या मांडवासारखा झाला...

तो उठला, दारावरची पेटी उघडली आणि मेन स्विच खाली ओढला.

ईशा तेव्हा लहान. तिनं अंधार असा घरात आलेला कधी पाहिला नव्हता. ‘बाबा, व्हाय लाइक दॅट?’ दत्त्या म्हणाला, ‘बस इथं. तुला माझं गाव दाखवतो.’ आणि त्या काळोखात तो बार्शीच्या गल्लीबद्दल बोलू लागला. लाईट गेली की आई बाज बाहेर काढायची. समोरची आत्या ताटासकट बाहेर यायची, कुणाचा भात कुणाच्या वाटीत जायचा. अप्पांनी याला पाठुंगळी घेऊन अंधारात गोष्टी सांगितल्या, त्यातली भुतं सगळी गल्लीतल्याच लोकांच्या नावांची होती. मग प्रत्येकानं आपापलं गाव काढलं. मी सांगितलं की आमच्या नगरला लाईट इतका वेळ जायची की घरात चोर शिरला तर आम्हीच त्याच्याकडं बॅटरी मागायचो, आणि एकदा तर त्यानं जाताना ती ठेवून घ्या म्हणून आग्रह केला. शेवटी दत्त्यानं स्विच वर केला आणि आम्ही सगळे, पोक्त, पगारदार, मधुमेही लोक, एका सुरात ओरडलो, ‘आलीऽऽ’. समोरच्या दारातून चिनी शेजारीण आंटी तान धावत आल्या. ‘एव्हरीथिंग ओके, आह?’ त्यांनाही पुरणपोळी द्यावी असं आम्हाला वाटलं, पण आम्ही सगळ्या संपवल्या होत्या.

त्यानंतर करार बदलो न बदलो, दर दोन वर्षांनी दत्त्याच्या घरी लोडशेडिंग होऊ लागलं. लोक दिवाळी चुकवायचे, हे चुकवायचे नाहीत. अप्पांनाही तो दर खेपेला बोलवायचा. अप्पा म्हणायचे, ‘लाईट घालवायला विमानानं कोण येतं रे? इथं फुकट जाते.’

शेवटचं वर्ष फुप्फुसांचं गेलं. माणूस घरात, खोलीत ऑक्सिजनचं यंत्र, दिवसरात्र एसी. मी जायचो, खोटंनाटं सांगायचो. तो हसायला श्वास जमवायचा... एकदा जमेना, तर त्यानं नुसता हात हलवला. पुढं बोल, अशा अर्थानं.

तर वहिनींचा फोन आला तसा मी बुकित पंजांगला गेलो. ईशानं वर्षभराची बिलं संगणकावर उघडली. मी दत्त्यासारखा गंभीर चेहरा केला, शेवटचा आकडा तळहातानं झाकला, आणि पुढं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. खांब बघितले. शेवटचे सात-आठ खांब छतापर्यंत गेले होते. ‘भयंकर वापर आहे,’ मी म्हणालो, ‘याला तर...’

‘हे महिने धरायचे नाहीत, भाऊजी,’ वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. ‘हे आजारपणाचे. घराचे आधीचे. त्यातूनही तिघांचे आहेत, आता आम्ही दोघी.’

आणि त्यांनी ते खांब बाजूला काढून राहिलेल्यांची सरासरी काढली. दर कर धरून आहे का, ते फोन करून विचारलं. ठेव किती, मोडण्याची भरपाई किती, मुदत संपल्यावर करार आपोआप पुढं चालू होतो का, तेही. मी शेजारी बसून मान हलवत होतो, त्यामुळं सल्ला मीच दिला असं मी सगळीकडं सांगतो.

‘ममी, टू इयर्स ही माझी पॉलिटेक्निक संपेपर्यंत,’ ईशा म्हणाली. मराठी शब्द वापरले म्हणजे तिला गरज होती. ‘आफ्टर दॅट वी सी. पण अप्पाकाका विल स्कोल्ड, आय नो.’

‘न बांधलेला सरकारी दरही आहे,’ मी म्हणालो. ‘कधीही सोडता येतो. अप्पांनाही...’

‘त्यात झोप लागायची नाही,’ वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी दोन वर्षांच्या करारावर बोट दाबलं. नंतर बराच वेळ त्या बोटाकडं बघत बसल्या. ‘अप्पांना कसं सांगू, ते मात्र कळत नाही. त्यांच्या मायेला नाही म्हणवत नाही हो.’

करार सुरू झाला त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. आम्हाला वाटलं नव्हतं बोलावतील. जेवण बेताचं होतं, कुणी फार जेवलंही नाही. आंटी तान एक वाडगा सूप घेऊन आल्या आणि नेहमीची जागा धरून बसल्या. दिवेलागण झाली. दारावरच्या पेटीकडं सगळ्यांनी बघायचं टाळलं. दत्त्या उंच, त्याचा हात नुसता वर जायचा. वहिनींनी खुर्ची ओढली, तिच्यावर चढल्या आणि स्विच खाली केला.

मी आजवर पुष्कळ काळोख वर्णन केलेत, त्यातले बरेचसे पाहिले नाहीत. हा पाहिला. मग माझ्या लक्षात आलं की या अंधारात कोण आहे आणि कोण नाही हे ओळखू येत नाही. कोपऱ्यात नेहमी दत्त्या बसायचा आणि आता तिथं अंधारच होता, जसा माझ्या जागीही होता. मी चोराची गोष्ट सुरू केली. यावेळी चोरानं आम्हाला पंखाही घातला. कुणीतरी हसलं, मग दोघंतिघं. ईशा म्हणाली, ‘काका, लास्ट टाइम पंखा नव्हता.’

तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. टीपॉयवर उजेडाचा चौकोन पडला, त्यात अप्पांचं नाव. वहिनींनी तो जरा वाजू दिला. मग उचलला.

‘अप्पा, उद्या निवांत बोलते. आमच्याकडं लाईट गेलीय.’

अंधारात फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो. बार्शीहून अप्पा म्हणाले, ‘सिंगापुरात? लाईट जाते तिथं?’

‘जाते की. दर दोन वर्षांनी जाते. तुम्हाला ठाऊक आहे.’ पलीकडं अप्पा ‘दोन वर्षांनी’ असं स्वतःशीच पुटपुटले. ‘पुढच्या खेपेला तुम्ही या, अप्पा,’ वहिनी म्हणाल्या. ‘ईशाला ती गल्लीतल्या भुतांची गोष्ट तुमच्याकडूनच ऐकायचीय.’

‘येतो,’ अप्पा म्हणाले. त्यांनी नाक ओढलेलं ऐकू आलं. ‘बाज आहे का गं तिथं?’

‘सोफा आहे,’ वहिनी म्हणाल्या.

फोन बंद झाला आणि उजेडाचा तो चौकोनही गेला. स्विचकडं जायला कुणी उठलं नाही. आंटी तान अंधारातच सगळ्यांना सूप वाढायला लागल्या.