चालवणारे भावोजी, ढकलणारी ताई

ताईचा फोन आला तेव्हा मी डहाणूच्या घरी दाढी करत होतो. "अशोक, हे गेले," ती म्हणाली. साबणानं माखलेल्या तोंडानं मी काही विचारणार तोच ती पुढे म्हणाली, "तळासरीच्या पलीकडे, रामजीच्या पाड्यावर. गाडी उतारावर उभी आहे म्हणतात. चाकाला दगड लावलाय का, तेवढं बघ." नवरा जाऊन तास झाला नव्हता आणि ही बाई चाकाखालच्या दगडाची चौकशी करत होती... माझ्या बहिणीचं त्या माणसानं काय करून ठेवलं होतं, ते या एका वाक्यात आलं. गेलेल्या माणसाला साखरेत घोळवून लिहायची आपल्याकडे रीत आहे. मीही प्रयत्न केला, पण जमेना. वाणगावचे गजाननराव, माझे भावोजी, हे हट्टी, तुसडे आणि स्वतःच्या शहाणपणावर बेहद्द खूश असलेले गृहस्थ होते. त्यांचा सगळा जीव एका जुनाट पिकअपमध्ये अडकला होता. आता तो सुटला, असं म्हणायला हवं.

रामजी हा तिथला शेतकरी. त्याच्या अंगणात आंब्याखाली तसल्याच मॉडेलची एक मेलेली पिकअप कित्येक वर्षं पडून आहे. चाकं नाहीत, काचा नाहीत, सीटवर कोंबड्या अंडी घालतात. भावोजी सकाळीच तिथे पोचले, गोणपाट टाकून गाडीखाली शिरले, आतला काळा गोळा रुमालानं पुसून पुसून पाहिला आणि म्हणाले, "हाच तो." मग बाहेर येऊन बाजेवर बसले, पाणी मागितलं, आणि रामजी तांब्या घेऊन येईपर्यंत मान टाकली. रामजी हे सांगताना डोळे पुसत होता. पुढे हीच गोष्ट वाणगावात येणाऱ्याजाणाऱ्यानं इतकी घोळवली की मला कीव यायला लागली. म्हणे, सोनं झालं. म्हणे, जन्मभर शोधलं ते सापडलं आणि मगच डोळे मिटले. अहो, सापडलं ते काय, तर सेल्फ! चावी फिरवल्यावर इंजिन सुरू करणारी मोटर. ज्या वस्तूसाठी माणसानं आपल्या बायकोची पाठ झिजवली ती वस्तू सापडल्याच्या दिवशीच मरायचं, याला लोक भाग्य म्हणतात. मी याला नुसता गाढवपणा म्हणतो.

पिकअप नवी आली तेव्हा मी कॉलेजात होतो. घोलवडच्या वाडीतून चिकूच्या करंड्या भरून पहिली खेप निघाली, आणि मागे करंड्यांवर उभा राहून मीही वाटभर ओरडत आलो होतो, खोटं कशाला बोलू. पण थोड्याच वर्षांत कंपनीनं ते मॉडेल बंद केलं, मग हळूहळू पार्ट मिळेनासे झाले. शहाण्या माणसांनी आपापल्या गाड्या विकून टाकल्या. आमचे भावोजी उलट छाती पुढे काढून हिंडायला लागले, कारण आता अशी गाडी तालुक्यात त्यांचीच उरली होती. सायवनपासून तळासरीपर्यंत कुणाच्या परसात कोणती गाडी कुजत पडली आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. नात्यातल्या मुलांची नावं मात्र आठवत नसत. गुजरातेत वापीच्या एका दुकानदारानं त्यांना तोंडावर सांगितलं, "काका, ए तो हवे म्युझियममां मळशे." हे म्युझियममध्येच मिळेल, असं त्यानं म्हटलं ते टोमणा म्हणून, पण भावोजी घरी येऊन ते कौतुकासारखं सांगत होते.

बरं, जुनी गाडी चालवणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. ती काय करतात? या गाडीचा पंप त्या गाडीला, ट्रॅक्टरची नळी पिकअपला, वर तार गुंडाळायची आणि निघायचं. भावोजींना हे जुगाड म्हणजे विटाळ वाटायचा. दुसऱ्या गाडीचा साधा नटसुद्धा त्यांनी लावून घेतला नाही. मिस्त्री समजावून थकायचे, हे त्यांना "तुम्ही शिंपी व्हायला हवं होतं, ठिगळं लावायला" असं ऐकवायचे आणि पार्ट मिळेपर्यंत गाडी उभी ठेवायचे. चिंचणीच्या कोळणी सुक्या मासळीचं नेहमीचं भाडं द्यायला दारात आल्या तर यांनी त्यांना मिठानं पत्रा गंजतो म्हणून वाटेला लावलं. वर पुन्हा त्यांच्यापैकी कुणी टोपली घेऊन पावसात रस्त्यात दिसली तर फुकट बसवायचे आणि वाणगाव येईपर्यंत खारट पाण्यावरून तिला झाडायचे. त्यातलं चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं, हे त्या बायकांनाही कधी कळलं नसेल.

आणि मग सेल्फ जळला. दुसऱ्या मॉडेलचा बसत होता, मिस्त्रीनं बसवून दाखवला, गाडी एका चावीत सुरू झाली. भावोजींनी तो तिथल्या तिथे काढायला लावला. म्हणाले, आवाज आपला नाही. तेव्हापासून गाडी धक्क्यावर. डोंगराकडे गेले तर उतार बघून उभी करायचे, ब्रेक सोडला की झालं. पण वाणगावची त्यांची गल्ली तव्यासारखी सपाट. तिथे रोज सकाळी भावोजी स्टिअरिंगवर बसायचे आणि माझी बहीण पदर खोचून मागच्या फाळक्याला पाठ लावायची. पाय रोवून, कमरेतून जोर काढत, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत. इंजिननं एकदा धूर सोडला की भावोजी निघून जायचे आणि ताई चपला शोधत परत यायची. ओरिजिनल पार्ट मिळेपर्यंत ओरिजिनल बायको होती ना घरात!

मी एकदा स्पष्टच विचारलं. म्हटलं, "भावोजी, जगात सगळीकडे अंगानं दांडगा तो ढकलतो आणि दुसरा आत बसतो. तुम्ही ढकला, ताईला आत बसवा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देव्हाऱ्यात चपला घालून शिरलोय. म्हणाले, "क्लच सोडायला तिला जमणार नाही. गिअरचे दात गेले तर आणू कुठून?" मी म्हटलं, आणि तिची पाठ गेली तर? त्यावर ते हसले. ताईही हसली, याचाच मला जास्त राग आला... आणि तिला जमत नव्हतं असंही नाही. बचत गटातून बायकांना मोटार चालवायला शिकवलं होतं, त्यात ताई रीतसर परीक्षा देऊन पास झाली. लायसन्स आलं ते भावोजींनी कौतुकानं चार लोकांना दाखवलं, पुन्हा पाकिटात घातलं आणि देवघराच्या खणात ठेवून दिलं. गाडीची चावी मात्र जन्मात तिच्या हातात दिली नाही.

माझ्या मुलीच्या लग्नाला ही दोघं पिकअपमधूनच आली. ताई माझ्या मुलीची एकुलती एक आत्या. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, तेव्हा हे मांडवात शिरले. आशागडला चहासाठी थांबले, गाडी बंद केली आणि पुन्हा सुरू करायला उतार नव्हता. ताईच्या मोतिया रंगाच्या शालूवर पाठभर गंजाचा आडवा पट्टा उमटला होता. बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या. भावोजी पहिल्या पंगतीला बसून जिलेबी खात व्याह्यांना सांगत होते की इतक्या वर्षांत गाडीला एकही डुप्लिकेट पार्ट लागलेला नाही. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोललो नाही. पुढेही, खरं सांगायचं तर, कामापुरताच बोललो.

त्यामुळे ते गेल्यावर मी एकच गोष्ट मनाशी धरली, ही गाडी जायला हवी. ताईला विचारलं तर ती चहा टाकायला उठायची. तेव्हा मीच भंगारवाल्याला सांगून ठेवलं. पाड्याच्या उतारावरून सुरू करून एका मिस्त्रीनं गाडी वाणगावला दारात आणून लावली होती, आणि तोवर भेटायला येणाऱ्यांची रांग लागली होती. पिकअपवाले, टेम्पोवाले, मिस्त्री. ओसरीवर बसून उसासे टाकायचे, आणि निघताना पिकअपशी घोटाळायचे. एक बॉनेटवर हात फिरवून "मोठा माणूस" म्हणाला आणि तोच हात हेडलाइटच्या स्क्रूवर फिरवून आला. दुसरा चपलेचा बंद लावायला वाकला तो गाडीखाली बराच वेळ वाकलेलाच राहिला. जिवंतपणी ज्यांनी या माणसाला वेड्यात काढलं त्यांना आता त्याच्या डुप्लिकेट नसलेल्या गाडीचे लचके हवे होते. मला भावोजींची चीड होती, पण या गिधाडांची शिसारी आली.

दहाव्याला समुद्रावर गेलो. त्यांना मूलबाळ नाही, पुतण्यानं पिंड ठेवले. कावळे होते, अगदी हवे तेवढे, पण एक शिवेल तर शपथ. लोकांनी आळीपाळीनं हात जोडून काय काय कबूल केलं. ताईला अंतर देणार नाही. वर्षश्राद्ध नीट करू. घराची कौलं शाकारू. कावळे माडावर बसून मजा बघत होते. ऊन डोक्यावर आलेलं, भटजी घड्याळ बघतोय, सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडतायत. तेवढ्यात ताई माझ्या कानाशी म्हणाली, "गाडीचं बोल." मी म्हटलं, मी असल्या गोष्टी मानत नाही. ती म्हणाली, "तू मानू नकोस. बोल फक्त." वैतागून मी पुढे झालो, हात जोडले, आणि म्हटलं, भावोजी, गाडी विकणार नाही, भंगारात देणार नाही, झालं समाधान? शब्द तोंडातून पडायचा अवकाश, कावळा खाली. गर्दीत पांढरा सदरा घालून भंगारवालाही उभा होता. त्यानं माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. मेल्यावरसुद्धा या माणसानं आपलंच खरं केलं होतं, आणि तेही माझ्या तोंडून वदवून.

मागच्या आठवड्यात सकाळी वाणगावला गेलो ते मनात सगळं जुळवून. गाडी विकायची नाही तर नको, कुठेतरी आडोशाला नेऊन ठेवू, आणि ताईला काही दिवस डहाणूला घेऊन येऊ. गल्लीत शिरलो तर ताई भावोजींच्या जागेवर, स्टिअरिंगवर बसलेली. केस घट्ट बांधलेले, लायसन्सचं पाकीट समोर काचेशी ठेवलेलं.

"विकणार नाही असं तू बोललास," ती म्हणाली. "उभी ठेवू असं कुणी बोललेलं नाही."

विचारलं, निघालीस कुठे? तर रामजीकडे. तो सेल्फ काढून ठेवतो म्हणालाय, पाड्यावर उतार आहे, परत येताना अडचण नाही, इथे आल्यावर मिस्त्री बसवून देईल. मला वाटलं, नवऱ्याची शेवटची इच्छा वगैरे काही असेल, आणि मी तसं बोललोही. ताईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "त्यांच्या इच्छेचं त्यांच्यापाशी," ती म्हणाली. "मला आता ढकलायची नाही."

यावर माणसानं काही चांगलं बोलावं की नाही? माझ्या तोंडून काय निघालं, तर "तुला क्लच जमेल?" माझं मलाच ऐकू आलं आणि जीभ चावावीशी वाटली. ताई रागावली नाही. म्हणाली, "तो कधी सोडायचा ते माझ्या पाठीला पाठ आहे. मागे जा, आणि फाळक्याला मधोमध टेक, कडेला पत्रा कापतो."

मी पाठ लावली. जन्मात पहिल्यांदा. गाडी आधी हललीच नाही, मग रडत रडत हलली, आणि गुडघे, कंबर, छाती सगळं एकदम बोलायला लागलं. शेजारच्या बायका दारात उभ्या राहिल्या. आता पडणार असं वाटलं तेवढ्यात ताईनं क्लच सोडला, गाडीनं एक गचका दिला आणि इंजिन धडधडायला लागलं. गिअरचा साधा खरखर आवाजसुद्धा आला नाही. मी धापा टाकत ओरडलो, थांब, मला बसू दे. ती थांबली नाही. थांबून गाडी बंद पडली असती तर पुन्हा सगळं पहिल्यापासून, हे मला कळत होतं, तरी मी हात हलवत थोडं पळालो. किराणा दुकानाशी गाडी वळली आणि दिसेनाशी झाली. गल्लीत नुसता धूर राहिला, आणि मी. कितीतरी सकाळी माझी बहीण इथे अशीच उभी राहिली असेल... मग मी खाली बघून चपला शोधायला लागलो.