कॅम्प बागेतला खड्डा

कुमुद उजगरे नगरहून दिल्लीला आली ती त्रेपन्न साली, एकविसाव्या वर्षी. वडील मिशन शाळेत ड्रॉइंग मास्तर. त्यांनी लेकीच्या हाताला असं वळण लावलं होतं, की पट्टी न घेता ती सरळ रेघ ओढायची. त्या हाताच्या जोरावर तिला सरकारी बांधकामाच्या एका कचेरीत ट्रेसरची नोकरी मिळाली. इंजिनियरांनी पेन्सिलीने नकाशा काढायचा, त्यावर पारदर्शक कापड ताणून कुमुदने तो शाईने उतरवायचा. राहायला थोरला भाऊ दिनकर आणि प्रभावहिनी यांचं क्वार्टर होतं, विनय नगरात. पुढे त्याच वस्तीला सरोजिनी नगर म्हणू लागले.

क्वार्टरपासून दहा मिनिटांवर एक ओसाड माळ होता. लढाईच्या काळात तिथे परदेशी फौजेचा तळ होता. लांबच लांब बराकी, मोटारींचे कारखाने, भटारखाना, सामानाची कोठारं. लढाई संपली, फौज निघून गेली. पुढे फाळणीत आलेली माणसं त्या बराकींत राहिली, तीही हळूहळू पांगली. उरले नुसते सिमेंटचे ओटे आणि त्यावर हागणदारी. लोक त्याला कॅम्प म्हणत. एकोणसाठ साली तिथे सार्वजनिक बाग करायचं ठरलं आणि त्या बागेचा नकाशा कुमुदच्या टेबलावर आला.

काम असिस्टंट इंजिनियर शशिकांत पारसनीसांकडे होतं. माणूस पुण्याचा, गोड बोलण्याचा. दर रविवारी दिनकरकडे जेवायला यायचा आणि प्रभावहिनीच्या कटाच्या आमटीची तारीफ करायचा. एप्रिलात तळ्याचं खोदकाम सुरू झालं, तेव्हा मापं ताडून बघायला त्यांनी कुमुदला साइटवर नेलं.

पोचायच्या आधीच वास आला. सडकं मांस, डांबर आणि गंजलेलं लोखंड यांचा एकत्र वास. राजस्थानातून आलेले बेलदार तोंडाला फडकी बांधून खड्ड्याच्या काठावर उभे होते. सात-आठ फुटांखाली पत्र्याच्या डब्यांचा थर लागला होता. काही डबे रोलर फिरवल्यासारखे चेपलेले, काही शाबूत पण पोटं फुगलेली. त्यांच्यामध्ये लोकरीच्या ब्लँकेटांचे गठ्ठेच्या गठ्ठे, डांबर ओतून एकमेकांना चिकटवलेले.

"हे काय आहे?" कुमुदने विचारलं.

लढाईपासून तिथेच असलेला म्हातारा चौकीदार पुढे आला. "जाते वक्त गाड़ गए, बीबीजी. जो ले जा नहीं सके, सब गाड़ दिया. डिब्बे, कंबल, दवाई. हम हाथ जोड़ते रहे कि हमें दे दो. बोले, ऑर्डर नहीं है. ऊपर से तारकोल डाल दिया, कि कोई निकाल न ले."

"पण का?"

"बाज़ार में भाव गिर जाता, ऐसा बोलते थे."

कुमुदला आठवलं, सेहेचाळीसच्या हिवाळ्यात नगरला कापड रेशनवर होतं आणि आईने पडदे उसवून धाकट्यांचे सदरे शिवले होते. ती ओट्याआड जाऊन ओकली.

पारसनीसांनी काम दुसरीकडे वळवलं, पण खड्डा उघडाच ठेवला. कंत्राटदाराच्या मुकादमाने शाबूत डबे वेगळे काढले आणि विलायती माल आहे म्हणत मजुरांना मजुरीच्या वर बक्षीस म्हणून वाटले. तिसऱ्या दिवशी दोन बेलदारणींना धड गिळता येईना. मग डोळ्यांपुढे एकाचं दोन दिसायला लागलं, मग जीभ जड झाली. इस्पितळात नेईपर्यंत एक गेली. दुसरी दुसऱ्या दिवशी सकाळी.

कुमुदला हे कचेरीत कळलं, चहाच्या वेळी. सांगणारा क्लार्क बिस्किट बुडवत सांगत होता.

दुपारी पारसनीस तिच्या टेबलाशी आले. "कुमुदताई, एक छोटं काम आहे. जुन्या सर्व्हेच्या कापडावर त्या कोपऱ्यात 'डम्पिंग पिट' अशी बारीक खूण आहे, आधी कुणाच्या लक्षातच आली नाही, ती तेवढी काढून टाका. खड्डा बुजवतोय आपण. तळं पलीकडे नेऊ, इथे हिरवळ करू."

"आणि त्या दोघी?"

"कॉलरा. हैजा म्हणून रिपोर्ट गेलाय."

"हैजा नव्हता तो. तुम्ही स्वतः डबे पाहिलेत."

पारसनीसांनी खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला. "अहो, चौकशी लागली तर वर्षभर काम बंद. उद्घाटनाला मंत्री येणार आहेत. मी अडकेन, तुम्हीही अडकाल, मापं तुमच्या सहीची आहेत. दिनकररावांची बढती तोंडावर आलीय. आणि गेलेली माणसं काही परत येणार आहेत का?"

तिने खूण काढली. शाई पुसून जात नाही, ब्लेडने हलक्या हाताने खरवडावी लागते आणि कापडाला भोक पडू द्यायचं नसतं. कुमुदचा हात इतका सफाईचा, की नंतर दिव्याखाली धरूनही तिथे काही होतं असं कुणाला दिसलं नसतं. "वा!" पारसनीस म्हणाले. त्या 'वा'ची तिला पुढे कित्येक वर्षं शिसारी येत राहिली.

रविवारी ते नेहमीसारखे जेवायला आले. कुमुदने पान घेतलं नाही, डोकं दुखतंय म्हणाली. आतल्या खोलीतून तिला आमटीचे भुरके ऐकू येत होते. त्यानंतर ते येत तेव्हा ती करोल बागेत मैत्रिणीकडे निघून जायची. महिन्याभरात तिने बदली मागून घेतली. बाग झाली, कारंजं झालं, कुमुद त्या फाटकातून कधी आत गेली नाही. लग्नही केलं नाही. त्याची कारणं वेगळी होती, पण दोन स्थळं सांगून आली ती पारसनीसांमार्फत, हेही खरं. तिने दोन्ही न बघताच नाकारली.

ब्याऐंशी साली आशियाई खेळांसाठी अख्खी दिल्ली रंगवली गेली, तेव्हा या बागेचंही नशीब उजळलं. कुमुद पन्नाशीला आलेली, हेड ड्राफ्ट्समन झालेली. दिनकर निवृत्त होऊन पुण्याला गेला होता आणि सरकारी क्वार्टर आता तिच्या नावावर होतं. त्याची मुलगी नीला मुनिरक्याला खोली घेऊन शिकत होती. ती एका संध्याकाळी धावतच आली.

"आत्या, यार, तू कधी सांगितलंच नाहीस! कॅम्प पार्कचा नकाशा तू काढलास? पारसनीस अंकल म्हणाले. रविवारी फंक्शन आहे, इतिहासाचा बोर्ड लावतायत. तुझा सत्कार आहे."

पारसनीस निवृत्त होऊन तिथेच राहत होते आणि बाग समितीचे अध्यक्ष झाले होते. कुमुद आधी नाही म्हणाली. मग काय वाटलं कोण जाणे, रविवारी इस्त्रीची साडी नेसून निघाली.

तेवीस वर्षांनी ती फाटकातून आत गेली. हिरवळीवर शामियाना, खुर्च्या, गरम समोशांच्या पराती. मैदान तेच, कोपराही तोच. नेमक्या त्याच हिरवळीवर सगळे बसले होते.

पारसनीसांनी बोर्डावरचा पडदा ओढला आणि मजकूर स्वतःच वाचून दाखवला. मजकूर त्यांनीच लिहिला होता. शूर सैनिकांचा तळ, शिस्त, त्याग वगैरे. मग शेवटचं वाक्य आलं: "जाते समय सैनिकों ने अपना अन्न और कंबल आसपास के ग़रीबों में बाँट दिए." टाळ्या पडल्या. नीलाही टाळ्या वाजवत होती.

कुमुदला पुन्हा तीच मळमळ आली. पण या वेळी आडोसा नव्हता आणि माइक तिच्या हातात दिलेला होता.

"झूठ है," ती म्हणाली. "कुछ नहीं बाँटा. सब इसी ज़मीन में गाड़ दिया, जहाँ आप बैठे हैं. तेरह साल बाद वही सड़े डिब्बे दो मज़दूर औरतों को खिलाए गए. दोनों मर गईं. पारसनीस साहब ने हैजा लिखवाया, और नक़्शे से गड्ढा मैंने मिटाया. अपने हाथ से."

एका बाईने हातातला समोसा बशीत ठेवला. पारसनीस हसले आणि मराठीत म्हणाले, "कुमुदताई, बसा. ऊन लागलंय तुम्हाला."

"ऊन नाही लागलं. तुमची किळस येते मला, शशिकांतराव. आणि माझी स्वतःची त्याहून जास्त येते."

समितीच्या सेक्रेटरीने माइक काढून घेतला. कागद मागा, रेकॉर्ड मागा, असं कुणीतरी ओरडलं. रेकॉर्ड कुठून येणार? तेवढ्यात मागून, पाण्याचा पाइप हातात घेतलेला बागेचा म्हातारा माळी पुढे आला. तो त्याच बेलदारांच्या टोळीतला, बाग झाल्यावर माळी म्हणून राहिलेला. "मेमसाब सच बोल रही हैं," तो म्हणाला. एवढंच बोलला आणि परत पाणी घालायला गेला.

माणसं पांगली. समोसे मात्र संपले, हे कुमुदने जाताना पाहिलं.

तिने वर्षभर कचेरीत अर्ज केले. उत्तर एकच येई: उपलब्ध नकाशांत अशा खड्ड्याची नोंद नाही. बोर्डावरचं शेवटचं वाक्य समितीने गाजावाजा न करता रंगवून टाकलं, दुसरं काही लिहिलं नाही. पारसनीस आजारी पडले तेव्हा दिनकरने पुण्याहून पत्र लिहून तिला भेटून यायला सांगितलं. ती गेली नाही. नीला महिनाभर फुगून होती, मग एकदा येऊन म्हणाली, "आत्या, मी टाळ्या वाजवल्या ना, त्याचं मला फार घाण वाटतं." कुमुदने तिला जवळ घेतलं नाही, पण चहा केला.

त्या हिवाळ्यात कुमुद माळ्याला शोधत बागेत गेली. तो खुरपी घेऊन वाफ्यात बसला होता. ती शेजारच्या दगडावर बसली आणि इतक्या वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते तिने विचारलं.

"उनके नाम क्या थे?"

माळ्याने खुरपी खाली ठेवली. "एक केसर. दूसरी धापू, मेरी बड़ी भाभी. मेरे हिस्से का डिब्बा भी उसी ने खाया था. बोली, तू मत खा, मुझे बास अच्छी नहीं लग रही, पहले मैं देखती हूँ."

कुमुदने दोन्ही नावं हळू म्हणून पाहिली. धापू म्हणताना माळ्याने तिला दुरुस्त केलं, 'ध' जरा जोरात. तिने पुन्हा म्हटलं. पलीकडे हिरवळीवर एक कुटुंब चादर अंथरून जेवायला बसत होतं.