उंबऱ्याबाहेरची पावलं

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता... पण हे एक सांगूनच टाकते.

मॉरिशसच्या दक्षिणेला सुरिनाम गाव. समुद्र जवळ, मागे ऊस, मध्ये आमचं पत्र्याचं घर. पन्नासच्या दशकात फ्लूची मोठी साथ आली आणि नेमकं गौरी-गणपतीत आमचं सगळं घर आडवं झालं. गौर आत आणताना दारापासून पिठाची पावलं मीच मुठीने उमटवली – दहा-अकराची असेन. पण त्या तापाच्या गडबडीत गौरीची पाठवणी राहूनच गेली.

ताप उतरले, सगळे कामाला लागले. आणि एका सकाळी माझा थोरला भाऊ, दादा, खाटेवरून उठेचना.

"आये, माजं पाय कुटं गेलं? मो पा सांती नान्ये... कायच जाणवत न्हाय!" घाबरला की तो मराठीत इथली क्रिओल मिसळायचा.

आधी तळपाय, मग गुडघे, मग हात. रोज थोडं वर चढत होतं. डॉक्टर येऊन म्हणाले, हा पोलिओ नव्हे, फ्लूनंतर कधीकधी नसा अशा जातात. छातीपर्यंत पोचलं तर श्वास अडकेल. सकाळी इस्पितळाची गाडी पाठवतो म्हणाले.

संध्याकाळी दादाचे फक्त डोळे हलत होते, श्वास कसाबसा चालू होता. आई म्हणाली, "गवरीच्या पावलांवरनं कोनतरी आत आलंय. त्याला भायेरची वाट कुनी दिलीच न्हाय."

आणि आमच्यात कोणी कधी करत नाही ते तिने केलं – खाटेपासून उंबऱ्यापर्यंत, बाहेर जाणारी पावलं काढली.

"आये, घरची लक्ष्मी जाईल!" मी रडायला लागले.

"जाऊ दे. पोर ऱ्हाऊ दे माजा."

पहाटे मी दार उघडलं. आईची पावलं उंबऱ्याशी संपली होती... पण पुढे अंगणातल्या ओल्या मातीतही पावलं होती! पिठाने पांढरी, अनवाणी, मोठ्या माणसाची. उजवं पाऊल नीट उमटलेलं, डावं फरपटत नेलेलं. सरळ उसात शिरली होती. परत आलेलं एकही नव्हतं.

तेवढ्यात आतून आईची हाक आली – दादाने बोट हलवलं होतं.

कित्येक महिन्यांनी तो उभा राहिला, चालायला लागला. उजवा पाय नीट पडायचा... डावा फरपटायचा.

माझी नात डॉक्टर आहे. ती म्हणते, "आजी, फ्लूशी लढता लढता शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं, मग आपोआप थांबतं. कुणाचा एखादा पाय अधू राहतो." पटतं मला. पण त्या पहाटे दादाला कूससुद्धा बदलता येत नव्हती, मग त्याची ती चाल अंगणात कुठून आली?

दादा पुढे खूप जगला. माझ्यावर फार जीव होता त्याचा. तरी त्याचा पाय अंगणात फरपटल्याचा आवाज आला की मी घाबरून आत पळायची, अगदी म्हातारी होईपर्यंत. कारण त्या पहाटे उसात गेला तो दादा असेल... तर आमच्या घरात राहिलं कोण?