उपाशीपोटी दही-साखर

सहावा महिना संपत आला तेव्हा मला एकच डोहाळा होता, उसाच्या रसाचा. चिंच नको, कैरी नको, फक्त रस. सोनईत राहून रसाचे डोहाळे लागायचे म्हणजे काय मोठी गोष्ट? चहूकडे ऊस, आणि घरासमोरच रसवंती. चरकाचे घुंगरू वाजले की मी चप्पल शोधायला लागायचे.

त्यात डॉक्टरीणबाईंनी शुगरची तपासणी सांगितली. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग ग्लुकोजचं पाणी प्यायचं, मग परत रक्त. दवाखाना नगरला. सकाळी निघाले तर दारात सासूबाई वाटी घेऊन उभ्या. आमच्या घरातून कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की हातावर दही-साखर पडतेच, मग दहावीचा पेपर असो नाहीतर कोर्टाची तारीख. एरवी चमचाभर. त्या दिवशी म्हणाल्या, "तू दोन जिवांची हायेस. आख्खी वाटी खा, शकुनाचं हाय." मी चाटूनपुसून खाल्ली, खोटं कशाला बोलू!

दवाखान्यात नर्सने विचारलं, "उपाशी आहात ना?" मी छातीठोकपणे सांगितलं, "रात्रीपासून पाण्याशिवाय काही नाही." देवाशप्पथ, माझ्या मनात दही आलंसुद्धा नाही. शकुन म्हणजे काय खाणं असतं का?

रिपोर्ट आला. उपाशीपोटीची साखर जास्त. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंधरा दिवस कडक पथ्य करा, मग पुन्हा बघू. तेव्हाही अशीच आली तर इन्सुलिन.

"कुठे टोचायचं?" मी विचारलं.

"पोटात."

मी पोटावर दोन्ही हात ठेवले. आत एवढासा जीव आणि बाहेरून रोज सुई! बाळाला सुई लागत नाही असं त्यांनी चारदा समजावलं, पण माझी झोप उडाली ती उडालीच.

घरात साखर बंद, गूळ बंद, रसाचं तर नावच काढायचं नाही. घुंगरू वाजले की मी खिडकी लावून घ्यायचे. एकदा वैतागून नवऱ्याला म्हटलं, "जा, त्याचे घुंगरू सोडून आण." हा बाबा खरंच जाऊन विचारून आला! "तो म्हणतो, मग गिऱ्हाईक कसं येणार?"

सासूबाईंनी दोषाचं मूळही शोधून ठेवलं. "आमच्यात कुनालाच शुगर न्हाई. तुज्या माहेराकडनं आली आसंल." माझ्या वडिलांना पेढे आवडतात हे त्यांनी लग्नातच हेरलं होतं. मी आतल्या आत धुसफुसायचे. पण तीन चमचे साखरेचा चहा पिणारी ही बाई अचानक बिनसाखरेचा घ्यायला लागली. विचारलं तर म्हणाल्या, "पित्त झालंय," आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या तपासणीला त्याही सोबत येणार होत्या. नवरा गाडी काढत होता. सासूबाई दारात, हातात वाटी. सवयीने मी हात पुढे केला. दही तळहातावर पडलं, हात तोंडापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"आत्या," मी म्हटलं. सासूबाईंना मी आत्याच म्हणते. "मागच्या वेळी पण..."

"दिली हुती की. आख्खी वा..." त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

असा राग आला मला! पंधरा दिवस कारलं! पंधरा दिवस वडिलांच्या पेढ्यांचा उद्धार! "वाटी तुमची, साखर तुमची, आणि नाव माझ्या माहेराचं?"

त्या मटकन उंबऱ्यावर बसल्या. "म्या केलं व्हय गं हे? माज्याच हातानं?" आणि रडायलाच लागल्या. मीच हात धुतले आणि त्यांना गाडीत बसवलं.

दवाखान्यात माझ्याआधी त्याच आत घुसल्या. "डॉक्टरीनबाई, पोरीचा काय दोष न्हाई. मागल्या टायमाला म्या तिला दही-साखर चारली हुती." बाहेरच्या बायका फिदीफिदी हसायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही उपाशी म्हणून सांगितलंत?"

"शकुन होता हो तो," मी म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

या खेपेचा रिपोर्ट अगदी व्यवस्थित आला. सुई नाही! मी लगेच रसाचं विचारलं. "कधीमधी, अर्धा ग्लास," त्या म्हणाल्या.

गाडी घरी न जाता रसवंतीपुढेच थांबली. अर्धा ग्लास आला, तो मी आधी सासूबाईंपुढे धरला. "घ्या. पित्त गेलं असेल ना आता?"

"कशाचं पित्त," त्या ओशाळून म्हणाल्या. "तुजा रिपोर्ट चांगला येईस्तवर साखर सोडली हुती देवापुढं."

एवढं भांडायचं ठरवून ठेवलेलं, सगळं वाया गेलं. त्यांनी एक घोट घेतला, बाकीचा मी संपवला. तिथंच बाकावर बसलो होतो, तर थोड्या वेळाने पोटात धडाधड लाथा सुरू झाल्या. मी त्यांचा हात ओढून पोटावर ठेवला.

"मार बाबा, मार," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आज्जीनंच तुजा रस बंद केला हुता."