साडभाऊंचे कट फ्लॉवर

देव, सरकार आणि सख्खी बायको, यांपैकी कोणालाही आपल्या वावरातलं एक फूल तोडू न देणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच आहे आणि तो नेमका माझा साडभाऊ निघावा, हे माझं नशीब. दोघी बहिणींतली मोठी त्यांच्या वाट्याला आली, म्हणून मान त्यांचा. नाहीतर मी कधीच चार शब्द सुनावले असते. सौंदडला नजर टाकाल तिकडे धानाच्या बांध्या, आणि त्यांच्या मधोमध यांचं अर्धा एकर रंगीबेरंगी खूळ. ग्लॅडिओलस, निशिगंध, अ‍ॅस्टर, शेवंती. पण यातल्या कशालाही तुम्ही फूल म्हणायचं नाही. कुठल्याशा शिबिरात जाऊन हा गृहस्थ 'कट फ्लॉवर' असा शब्द शिकून आला आणि तेव्हापासून त्याने गावाची भाषा सुधारायला घेतली. "गुरुजी, लोकं मुंडी मुरगाळून देवावर फेकते, थे फूल. हे दांडीसकट रायते. हे फ्लॉवर होय." आमच्याकडे त्या नावाच्या भाजीला गोभी म्हणतात, त्यामुळे फ्लॉवर हा शब्द गावात बेवारसच पडला होता. तो यांनी बळकावला.

दांडी म्हणजे या माणसाचा जीव की प्राण. शेजारची एक म्हातारी सत्यनारायणासाठी शेवंती मागायला आली. यांनी हातभर दांडे तिरपे कापून दिले, वर पाण्यात कसे ठेवायचे यावर प्रवचन दिलं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं, कुंपणाशी गेली, कटाकट मुंडकी खुडून ओटीत टाकली आणि दांडे बकरीला घातले. साडभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. बायकोची तर गोष्टच सोडा. फुलवाल्याची बायको, आणि वेणीत माळायचा गजरा गोंदियाच्या बाजारातून विकत आणते. यावर कोणाला राग येऊ नये काय?

त्यांचं सगळ्यात लाडकं ग्लॅडिओलस. खालच्या कळीने नुसता रंग दाखवला की सकाळच्या गारव्यात दांडा कापायचा, कंदाला चार पानं राखायची आणि लगेच बादलीत. हेडमास्तरांच्या निरोपाला मी यांच्याकडे गुच्छ मागितला, तर या सद्गृहस्थाने हिरव्या काड्यांची मोळी माझ्या हातात ठेवली. हेडमास्तरांनी ती सगळ्यांसमोर उलटीपालटी करून विचारलं, "गुरुजी, लसणाची पात आणली काय?" पुढे ते फुललं म्हणतात, पण तोवर साहेब गावी पोचले होते. मी जाब विचारायला गेलो तर मलाच ऐकवलं, "उमललेलं नेऊन रस्त्यात मारता काय त्याले? कळी घरी नेऊन फुलू द्यावं." जरबेऱ्याचा मात्र भारी तिटकारा. "त्याच्या तोंडाले पिशवी बांधून इकते. थे फ्लॉवर होय का मुसकं बांधलेल्या गोऱ्ह्याचं तोंड?"

पण या तऱ्हेवाईकपणाच्या तळाशी एक ठसठसणारं दुखणं होतं. धान लावणारे त्यांचे सख्खे भाऊ दर दिवाळीला भरल्या पंगतीत विचारायचे, "काऊन गा, फुलं खाऊन पोट भरते काय?" आणि सगळे हसायचे. साडभाऊ मान खाली घालून जेवायचे. मला एकदाच बोलले, "पोरीच्या लग्नात सारे येतीन. मंडप माह्या फ्लॉवरनं उभा करीन. मंग पाहू कोन हासते." एकुलती एक पोरगी. तिच्या लग्नात त्यांना दुसरं काही नको होतं.

पोरगी पुण्याला नोकरीला, मुलगाही तिथलाच. खर्च निम्मा-निम्मा ठरला. मंडप मुलीकडचा, जेवण मुलाकडचं. त्यांनी आचारीसुद्धा पुण्याचा आणला. महिनाभर आधी विहीणबाईंचा फोन आला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो, आणि फोन स्पीकरवर होता.

"फ्लॉवर सारे माह्या वावरातले," साडभाऊ छाती फुगवून म्हणाले. "एक फ्लॉवर बाहेरून आनाचा नाही."

"अय्या, घरचेच? किडके नाहीत ना?"

"नाव नका घेऊ. एक किडा दाखवा."

"आणि कापून द्याल?"

"कापूनच. पहाटे कापतो न लगेच पान्यात टाकतो."

"अगदी माझ्यासारखं करता हो," विहीणबाई खूश झाल्या.

मी, वीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस, तिथे बसून मान डोलावत होतो.

लग्नाच्या सकाळी मंडप असा उभा राहिला की बोलायची सोय नाही. पांढरे, गुलाबी, शेंदरी दांडे माणसाच्या उंचीला. साडभाऊ नवा सदरा घालून भावांच्या येण्याकडे डोळे लावून उभे. तेवढ्यात आचारी हात पुसत आला. "काका, फ्लॉवर कुठाय? भाजी खोळंबलीय."

साडभाऊंनी त्याला हाताला धरून मंडपात नेलं. "हे काय. पाहा ना."

आचाऱ्याने एक दांडा खालपासून वरपर्यंत चाचपून पाहिला. मग हळूच म्हणाला, "हे शिजतं का?"

पुढचं काय सांगावं. बाजाराचा दिवस नव्हता. कडक इस्त्रीची सफारी घातलेल्या मला वांगी आणायला गावभर पिटाळलं. परत येतो तो मंडपभर हसू पसरलेलं आणि थोरला भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतोय, "सांगत होतो ना, फुलानं पोट नाही भरत." वांग्याची पिशवी त्याच्या डोक्यात घालावी असं मला झालं. अरे, धान पिकवता म्हणून काय जगाला विकत घेतलं? एवढं सुंदर काही तुमच्या सात पिढ्यांनी उभं केलं होतं काय? साडभाऊ मात्र तांब्या घेऊन पंगतीत शिरले. पाहुण्यांना पाणी वाढत राहिले.

संध्याकाळी वरात पॅसेंजरने गोंदियाला आणि तिथून पुण्याला जायची होती. निघताना विहीणबाई मंडपात थबकल्या. दिवसभर त्याही ओशाळलेल्या होत्या. "भाऊ, यातलं एक मी नेऊ का? पण मोडू देणार नाही." मग काय, वऱ्हाडातल्या प्रत्येकाला एकेक दांडा हवा झाला. सौंदडच्या फलाटावर पंचेवीस-तीस माणसं हातात दांडे उभे धरून गाडीची वाट पाहत होती, आणि निरोपाला आलेला थोरला भाऊ बाजूला होऊन त्यांना वाट करून देत होता.

गाडी आली. पोरगी रडत खिडकीत बसली. साडभाऊंनी तिच्याकडे पाहिलंच नाही, ते शेजारी बसलेल्या विहीणबाईंना सांगत होते, "उन्हात नका ठेवू. रोज पानी बदला." गाडी हलली तसे तेही फलाटावरून चालू लागले. "आता नुसती कळीच दिसन. घाई नका करू. नवी जागा रायते, रुजाले टाइम लागते तिले."

कापलेला दांडा रुजत नसतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक. विहीणबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि तिचा हात आपल्या हातात घेतला.

"नाही करणार घाई, भाऊ," त्या म्हणाल्या.